मागच्या खोलीची ऊब

सासऱ्यांना हॉस्पिटलातून घरी आणायचे होते त्या सकाळी मागच्या खोलीत गरम पाण्याची ऊब देणारा रेडिएटर वरून गार आणि खालून कोमट होता. मी त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि हळूहळू खाली सरकवत नेला. वरच्या अर्ध्या भागाला नोव्हेंबरातल्या खिडकीच्या काचेचा स्पर्श होता. मध्यावर एक न दिसणारी रेघ होती आणि तिच्याखाली ऊब सुरू होत होती. रेघेच्या वर हवा कोंडली आहे, पाणी तिथवर पोहोचत नाही, एवढे मला चार हिवाळ्यांच्या अनुभवाने कळत होते. ती हवा काढण्याचे काम मात्र मी कधी केले नव्हते. ते सासऱ्यांचे काम होते.

सहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. चाळीस वर्षे ज्यांनी इंग्लंडातल्या हॉस्पिटलांत दुसऱ्यांच्या छात्या तपासल्या, ते आता एका वॉर्डच्या कोपऱ्यात पडून होते. त्यांच्या तोंडून नुसते हुंकार येत. तिथले अन्न ते घशाखाली उतरू देत नसत; सासूबाई रोज डब्यातून मऊ भात आणि वरण नेत, आणि तेवढेच त्यांच्या पोटात जाई. आता हॉस्पिटलला खाट रिकामी हवी होती. त्यांना घरी पाठवायचे की तीस मैलांवरच्या, आजारी वृद्धांना सांभाळणाऱ्या एका नर्सिंग होममध्ये, हे त्या दिवशी ठरणार होते. दुपारी दोन वाजता हॉस्पिटलची एक बाई घर तपासायला येणार होती. खालच्या मजल्यावरची मागची खोली, जिच्या शेजारी संडास होता आणि जिथे आदल्याच दिवशी हॉस्पिटलची खाट येऊन बसली होती, ती एकवीस अंशांवर असायला हवी, असे तिने पहिल्या भेटीतच बजावले होते. विजेचा सुटा हीटर चालणार नव्हता. वॉकर घेऊन चालणाऱ्याच्या पायात तार येते. खोली गार निघाली तर चार वाजता त्यांना आणणारी हॉस्पिटलची गाडी दुसरीकडे वळणार होती.

"तिकडे गेले तर ते जेवणार नाहीत," सासूबाई आदल्या रात्री एवढेच म्हणाल्या होत्या.

वॉटफर्डमधले हे घर सासऱ्यांनी घेतले तेव्हा माझा जन्मही व्हायचा होता. दसऱ्याला घरातली अवजारे पाटावर मांडायची त्यांची रीत होती. स्टेथोस्कोप, सासूबाईंची शिवणाची कात्री, माझ्या नवऱ्याचा शाळेपासूनचा कॅल्क्युलेटर, आणि सगळ्यांच्या शेजारी रेडिएटरची बोटाच्या पेराएवढी पितळी चावी. प्रत्येकाला हळद, कुंकू, अक्षता आणि बागेतले एक शेवंतीचे फूल. आरती झाली की तीच चावी उचलून, खांद्यावर एक जुना पंचा टाकून, ते एकेका खोलीत जात. वाकत, चावी लावत, आणि मग भिंतीतून कोणी दीर्घ निःश्वास सोडल्यासारखा आवाज येई. त्या दिवसापासून आमच्या घरात हिवाळा सुरू झाला असे समजायचे. त्या वर्षी दसरा आला तेव्हा ते वॉर्डात होते आणि पाट भिंतीला टेकून उभाच राहिला.

सकाळचे नऊ वाजले होते. देवघराच्या कप्प्यातल्या स्टीलच्या डबीतून मी चावी काढली. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक पितळी बूच असते आणि त्याच्या पोटात एक छोटा चौकोनी डोक्याचा स्क्रू. चावी त्या डोक्यावर बसवायची आणि किंचित फिरवायची. मी बसवली, फिरवली. चावी फिरली, स्क्रू जागचा हलला नाही. पुन्हा फिरवली. वाकून पाहिले तर चौकोनाचे कोपरे नाहीसे झाले होते. पाण्याखालच्या खड्यासारखे ते डोके गुळगुळीत गोल झाले होते. मी ओट्याखालच्या खणातून पक्कड आणली.

पकडीने स्क्रू हलला. पहिला आवाज इतका बारीक होता की तो मला ऐकू येण्याआधी बोटांना जाणवला. मग फुसफूस स्पष्ट झाली. आणि इथे माझ्या हातांनी जे केले ते त्यांनी मला विचारून केले नाही.

मी मराठवाड्यातल्या ज्या गावात वाढले तिथे नळाला चार दिवसांनी पाणी येई. येण्याआधी नळ फुसफुसे, खोके, लालसर थुंके, आणि मगच धार लागे. फुसफूस कानावर पडली की हातातले टाकून धावायचे आणि नळ शेवटपर्यंत मोकळा करायचा, हे आम्हा मुलांना बाराखडीच्या आधी शिकवले गेले होते. अर्धवट सोडलेल्या नळाची हवा निघेपर्यंत खालच्या आळीचे लोक पाणी ओढून घेत. फुसफुसणारा नळ पाहून हात आखडणारी मुलगी आमच्या घरात वेडी ठरली असती.

मी स्क्रू शेवटपर्यंत मोकळा केला.

तो माझ्या पकडीतून निसटला, जमिनीवर एकदा टणत्कारला आणि खाटेखाली गेला. त्याच्या मागोमाग पाणी आले. काळे, शाईसारखे, एका सुईएवढ्या भोकातून भिंतीपर्यंत जाणारे. माझ्या गालावर, पडद्यावर, आणि हॉस्पिटलच्या खाटेवर सकाळीच घातलेल्या पांढऱ्या चादरीवर. त्याला जुन्या नाण्यांचा आणि बंद पडलेल्या विहिरीचा वास होता. मी उजव्या हाताचा अंगठा भोकावर दाबला. धार थांबली, अंगठ्याखाली तिची धडपड मात्र जाणवत राहिली.

"आई," मी हाक मारली. "जरा इकडे या. पळू नका, पण लवकर या."

"म्हणजे नक्की कसं यायचं मी?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत दारात आल्या. आधी त्यांनी भिंत पाहिली, मग चादर, मग मला.

"काय केलंस हे?"

"हवा काढत होते."

"पकडीनं? त्यांनी कधी पक्कड नाही लावली."

"चावी बसत नव्हती, आई."

"चाळीस वर्षं बसतेय ती."

अंगठ्याखालचे पाणी कोमट होऊ लागले होते. हवा गेल्यामुळे बॉयलरचे गरम पाणी आता वरपर्यंत येत होते. मी त्यांना फोन आणायला सांगितला. नवरा त्या सकाळी स्लाऊला ऑफिसात होता. तिथून तो थेट हॉस्पिटलात जाऊन वडिलांबरोबर गाडीत बसणार होता. सासूबाईंनी नंबर लावून फोन माझ्या कानाशी धरला. त्याच्या मागे कुठेतरी प्रिंटर चालत होता.

"काय झाला?" नवरा म्हणाला. त्याचा जन्म इथलाच.

"रेडिएटरचा स्क्रू निघाला. पाणी उडतंय. मी अंगठा लावून बसलेय."

"होल किती मोठी आहे?"

"अंगठ्यापेक्षा लहान. म्हणून तर बसलेय."

"ओके, लिसन. पहिला बॉयलर बंद करा. मग रेडिएटरच्या खाली दोन साइडला दोन व्हॉल्व्ह आहे. एक हाताने फिरते. दुसऱ्यावर व्हाइट कॅप आहे, तो काढ, आत स्पॅनर लागेल. आणि बंद करताना किती टर्न झाला ते काउंट कर, प्लीज. उघडताना तेवढाच पाहिजे. डॅड नेहमी काउंट करतो."

"करतात," सासूबाई फोनमध्ये म्हणाल्या.

"आई, नॉट नाऊ."

"आत्ताच. दुपारी त्यांना भेटशील तेव्हा तोंडातून नीट निघायला हवं." आणि त्यांनी फोन बंद केला.

बॉयलर त्यांनी बंद केला. एका बाजूचा हाताने फिरणारा व्हॉल्व्हही बसकण मारून, दोन्ही हातांनी, ओठ दाबून त्यांनी बंद केला. पण दुसऱ्या टोकाला स्पॅनर लावल्यावर त्यांच्या संधिवाताने वाकलेल्या बोटांना तो पेलेना. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "सरक. तू तिकडे जा. इथं मी लावते."

"गरम आहे, आई."

"कढीपेक्षा गरम असेल का?"

माझा अंगठा निघाला आणि त्यांचा बसला, त्या मधल्या क्षणात एक काळी पिचकारी त्यांच्या बाहीवरून गळ्यापर्यंत गेली. त्यांनी डोळे मिटले, अंगठा हलवला नाही. मी टोपण काढून स्पॅनर लावला आणि मोजत फिरवू लागले. एक. दोन. पावणेतीनला व्हॉल्व्ह थांबला. पावणेतीन, मी मोठ्याने म्हटले. त्यांनीही म्हटले, लक्षात राहावे म्हणून.

"आता सोडा. पाणी बंद झालंय."

"तू म्हणतेस," त्या म्हणाल्या, आणि अंगठा तसाच ठेवला.

खाटेखालून स्क्रू सापडला. त्याचे आटे पकडीने चुरडले होते. तो भोकात धरला तर फिरत राही, धरत नसे; बुचाच्या आतले आटेही झिजले होते. म्हणजे सबंध पितळी बूचच बदलायला हवे होते. प्लंबरला फोन केला. तो सभ्यपणे म्हणाला की गुरुवारी सकाळी येतो. त्या दिवशी सोमवार होता.

दहा मिनिटांच्या अंतरावर हार्डवेअरचे एक जुने दुकान होते. मी ओल्या केसांवर टोपी ओढून निघाले. घराचे दार लावताना मागे पाहिले तेव्हा सासूबाई खुर्ची ओढून रेडिएटरपाशी बसल्या होत्या. हात वर, अंगठा भोकावर.

दुकानात शिरताच तेलाचा, रबराचा आणि लाकडाच्या भुशाचा वास आला. दुकानदार माझ्या वडिलांच्या वयाचा इंग्रज होता. मी त्याच्यासमोर तुटका स्क्रू ठेवला, बुचाचे माप बोटांनी दाखवले आणि चावीही ठेवली. त्याने स्क्रूकडे पाहिले नाही. चावी उचलून दिव्याखाली धरली आणि तिच्या चौकोनी भोकात एका डोळ्याने पाहिले.

"ह्यात काय भरलंय तुम्ही?"

मी पाहिले. भोकाच्या तळाशी काहीतरी गडद, दगडासारखे घट्ट बसले होते. त्याने खणातून एक बारीक खिळा काढला आणि टोकरले. लाल भुकटी काउंटरवर पडली. मग पिवळसर. मग पुन्हा लाल.

"गंज?" त्याने विचारले. "पण पितळ गंजत नाही."

"गंज नाही," मी म्हणाले. "आम्ही वर्षातून एकदा अवजारांची पूजा करतो. त्यांना लाल आणि पिवळी पूड लावतो. थोडं तेलही."

त्याने बोटाने भुकटीची एक रेघ ओढली. "आणि दुसऱ्या दिवशी पुसत नाही?"

"नाही," मी म्हणाले. "पुसत नाही."

मग त्याने समजावून सांगितले, आणि त्याच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. भोक तळाशी भरत गेले तशी चावी पूर्ण खोल बसेनाशी झाली. ती फक्त स्क्रूच्या टोकाला धरून फिरत राहिली आणि दर वर्षी थोडे थोडे कोपरे खरवडत गेली. घरातल्या बाकीच्या स्क्रूंचीही तीच गत असणार. मी काउंटरवरच्या त्या लाल रेघेकडे पाहत उभी होते. चाळीस दसरे तिथे थरावर थर बसले होते. प्रत्येक थर भक्तीने लावलेला, प्रत्येक थराने चावी केसभर उथळ केलेली.

त्याने नवे बूच दिले, नवी चावी दिली आणि आट्यांवर गुंडाळायची पातळ पांढरी टेप दिली. "बूच ज्या दिशेनं फिरवून बसवाल त्याच दिशेनं टेप गुंडाळा," तो म्हणाला, "नाहीतर बसवताना सगळी उलगडून येईल."

परत आले तेव्हा अकराला दहा कमी होते. सासूबाई तशाच बसल्या होत्या.

"आई, पाणी कधीच बंद झालंय."

"माहीत आहे."

त्यांनी अंगठा काढला. त्याच्या टोकावर भोकाची गोल काळी मुद्रा उमटली होती.

जुन्या बुचावर रंगाचे तीन-चार थर होते. घर जितक्या वेळा रंगवले तितक्या वेळा तेही रंगवले गेले होते. मी स्पॅनर लावला आणि ओढला. काही झाले नाही. अजून जोर लावला तर रेडिएटरच भिंतीवरून किंचित हलल्याचा भास झाला, आणि मी हात थांबवला. हा तुटला तर दोन वाजताची भेट नाही, चारची गाडी नाही. सासूबाईंनी दुसऱ्या टोकाला छाती टेकून रेडिएटर दोन्ही हातांनी धरला.

"ओढ," त्या म्हणाल्या.

रंगाला तडा गेल्याचा कोरडा आवाज आला आणि बूच पाव फेरा फिरले. खाली धरलेल्या पोह्यांच्या पातेल्यात दोन पेले काळे पाणी पडले. मी आट्यांवर टेप गुंडाळली. पहिल्यांदा उलटी, आणि नवे बूच बसवताना ती पांढऱ्या केसासारखी उलगडून हातात आली. दुसऱ्यांदा दुकानदाराचे वाक्य पुटपुटत गुंडाळली. बूच आत गेले, घट्ट झाले. एका बाजूचा व्हॉल्व्ह उघडला. दुसरा, पावणेतीन.

मग नवी चावी. ह्या वेळी मी ती पाव फेरा फिरवली आणि हात आवरून धरला. हवा निघू लागली. आतून पाणी चढत आल्याचा गुडगुडणारा, खोल आवाज आमच्या कमरेइतक्या उंचीपर्यंत वर येत गेला. बोटे मला आणखी मोकळे कर म्हणत होती. मी त्यांचे ऐकले नाही. एक काळा थेंब आला. मी बंद केले आणि बुचाभोवती टिश्यूचा तुकडा धरला. तो कोरडा राहिला.

बारा वाजायला आले होते. सासूबाईंनी बॉयलर लावला. खोलीतला तापमापक पंधरावर होता.

त्यानंतरचे दोन तास आम्ही काम करत होतो असे म्हणता येईल, पण खरे तर आम्ही त्या पाऱ्याकडे पाहत होतो. चादर बदलली. भिंतीवरचे डाग पुसले. ते गेले नाहीत, नुसते फिके झाले. सोळा. मी दर थोड्या वेळाने टिश्यू बदलून बुचाखाली धरत होते. साडेसोळा. मग सासूबाईंनी विचारले, "चावी का बसत नव्हती, कळलं का?"

मी सांगितले.

त्या उशीला अभ्रा घालत होत्या. हात थांबले. "म्हणजे पूजेनं बिघडलं."

"पुसलं नाही म्हणून, आई."

"पुसायचं कसं? कुंकू आहे ते." अभ्र्याची टोके सारखी करून त्या म्हणाल्या, "त्यांना सांगू नकोस."

बाई दोनला दहा मिनिटे असतानाच आली. उंच, थकलेली, हातात फायलींचा गठ्ठा. तापमापक एकोणीस दाखवत होता. तिने स्वतःचा तापमापक काढून खाटेशेजारच्या टेबलावर ठेवला आणि संडासातल्या दांड्या, खाटेची उंची, पायाखालचे गालिचे पाहायला सुरुवात केली. ती परत खोलीत आली तेव्हा तिची नजर भिंतीवर गेली.

"हे काय झालं?"

"सकाळी रेडिएटर दुरुस्त केला," मी म्हणाले.

"कोणी?"

"आम्ही दोघींनी."

ती गुडघ्यांवर बसली, बुचाभोवती तर्जनी फिरवली आणि बोटाचे टोक उजेडात धरले. बोट कोरडे होते. ती उठली, टेबलावरचा तापमापक पाहिला. "वीसही नाही," ती म्हणाली. "मला तीनपर्यंत पुढच्या घरी पोहोचायचं आहे."

सासूबाईंचे इंग्रजी चाळीस वर्षांनंतरही जपून वापरलेल्या भांड्यासारखे होते. "चहा," त्या म्हणाल्या. "चहा घेतल्याशिवाय आमच्या घरातून कोणी जात नाही."

"खरंच नको."

"आलं घालून करते. पाचच मिनिटं."

मी त्यांना इतक्या सावकाश आले किसताना कधी पाहिले नव्हते. चहा उकळला, पुन्हा उकळला. शेजारणीने दिवाळीला दिलेल्या चकल्या बशीत आल्या. बाईने एक खाल्ली, मग दुसरी, मग ह्या कशाच्या असतात ते विचारले. आणि सासूबाईंनी भाजणी सांगायला घेतली. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, प्रत्येक धान्य वेगळे भाजायचे, कोणते किती, का. खोलीत आल्याचा वास, गरम पत्र्याचा वास, ओल्या भिंतीचा वास. मी बाईच्या खांद्यावरून तिचा तापमापक पाहत होते. वीस. धन्यापर्यंत आल्या. साडेवीस. जिऱ्यापर्यंत आल्या.

बाईने घड्याळ पाहिले, कप ठेवला, आणि तापमापक हातात घेतला. तो बराच वेळ तिने डोळ्यांजवळ धरला.

"एकवीस," ती म्हणाली, आणि फोन काढला.

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

गाडी साडेचारला आली. आकाश काळवंडले होते, वाऱ्याला पावसाची धार होती. दोघा माणसांनी सासऱ्यांना चाकाच्या खुर्चीतून आत आणले. मागे नवरा, हातात त्यांची पिशवी आणि डोळे लाल. पुढचे दार सताड उघडे, खोलीचेही उघडे. त्यांना खाटेवर घेतले, उशा लावल्या, उजवा हात उचलून पांघरुणावर ठेवला. त्यांनी छताकडे पाहिले, भिंतीवरच्या फिक्या डागांकडे पाहिले आणि तिथे त्यांची नजर थोडी थबकली. सासूबाई त्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

बाहेरून गार हवेचा एक झोत आत आला. सासऱ्यांच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आम्ही तिघेही वाकलो.

"दार," ते म्हणाले.

सहा आठवड्यांत ऐकलेला तो पहिला शब्द होता. नवऱ्याने पिशवी खाली ठेवली आणि ती कुठे ठेवली हे विसरल्यासारखा तो उभा राहिला.

"बघत काय बसलीस," सासूबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "लाव ना दार. ऊब चालली सगळी बाहेर."

मी धावत गेले आणि दोन्ही दारे लावली. गाडीबरोबर आलेल्या दोघांतला एक माणूस सहीचा कागद घेऊन पायरीवर उभा होता. काचेपलीकडे तो थोडा वेळ तसाच थांबला, आणि मग त्याने हळूच टकटक केले.